उच्च शिक्षण आणि घरचा जमाखर्च

(मंडळाच्या वार्षिक संमेलनप्रसंगी भाईंदर येथे दिलेले व्याख्यान)



आमच्यासारख्या निवृत्त प्राथमिक शिक्षकास उच्च शिक्षणावर बोलावयास उभे करणे हे चिटणिसांचे धाडसच म्हणावयाचे. आम्ही मॅट्रिक. त्यापुढे दोन वर्षांचे शिक्षक-प्रशिक्षण घेतले आणि खडू हाती धरला, तो तेहेतीस वर्षांनी खाली ठेवला. कॉलेजची पायरी आम्ही प्रथम चढलो ती चिरंजीवांच्या प्रवेशाच्या वेळी, पालक म्हणून; आणि तीही पैसे भरण्याच्या खिडकीपर्यंतच. परंतु चिटणिसांनी विषयाचे दुसरे अंग सांगितले तेव्हा आम्हांस नकार देववेना. ते म्हणाले, "गुरुजी, शिक्षणाच्या महतीवर बोलणारे पुष्कळ मिळतात; त्याच्या खर्चावर बोलणारा मिळत नाही. आपण सातवीला सरळव्याज शिकवीत होता, तेच आता पालकांस शिकवा." तेव्हा आजचे हे भाषण म्हणजे गणिताचा तास आहे असे समजावे.

प्रथम एक हकीगत सांगतो. आपल्याच ज्ञातीतील, नवघर रस्त्याला राहणारे एक कुटुंब. वडील एका कारखान्यात पॅकिंगच्या कामावर, आई शिवणकाम करणारी. मुलगी बारावीस उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. २०२४ सालच्या उन्हाळ्यात त्यांस कोणीतरी सांगितले की, जागा भरत चालल्या आहेत, आताच पैसे भरले नाहीत तर वर्ष जाईल. त्या माउलीने बांगड्या गहाण टाकल्या आणि एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात संस्थास्तरावरच्या जागेवर मुलीचा प्रवेश निश्चित केला. पुढे ८ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाचा निर्णय निघाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क शंभर टक्के माफ! मात्र ही माफी शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशासच लागू होती. व्यवस्थापन कोटा व संस्थास्तरावरील प्रवेश यांस नव्हती. मुलगी सर्व अटींत बसत होती, केवळ एका दारातून आत जाण्याऐवजी दुसऱ्या दारातून गेली. ती माउली आमच्याकडे आली तेव्हा तिचे मोकळे मनगट पाहून आम्हांस काय बोलावे ते सुचेना. "गुरुजी, दीड महिना थांबले असते तर?" एवढेच ती म्हणाली.

त्या कुटुंबाचा दोष आम्ही मानत नाही. या शहरात आपली कित्येक ज्ञातिबंधूंची घरे गिरगाव-लालबागच्या चाळींतून आली. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत ज्यांस मुंबईत भाडे परवडेना त्यांनी मिठागरांच्या कडेने उभ्या राहणाऱ्या इमारतींत खोल्या घेतल्या. १२ जून १९८५ रोजी येथे नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. पण सकाळी सहाच्या गाडीने जाणारा व रात्री नवाच्या गाडीने येणारा मनुष्य शासननिर्णय कधी वाचणार? निर्णय होतात, ते प्रसिद्धही होतात. आपल्या घरी मात्र ते तारीख उलटल्यावर पोहोचतात. आज आम्हांस प्रामुख्याने याविषयीच बोलावयाचे आहे.

पुष्कळांचा असा समज आहे की, सरकारचे धोरण म्हणजे एकदम केव्हातरी आकाशातून पडणारी वस्तू होय. वस्तुतः तिचेही पंचांग असते. केंद्राचे अंदाजपत्रक २०१७ पासून १ फेब्रुवारीस मांडण्याचा प्रघात पडला आहे. राज्याचे साधारणतः मार्चमध्ये येते. पोस्टातील अल्पबचतीच्या व्याजाचे दर दर तिमाहीस जाहीर होतात. रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती साधारण दोन महिन्यांनी एकदा बसते. या समितीचा आपल्या घराशी काय संबंध, असे विचाराल, तर सांगतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या व्याजाची नवी किरकोळ कर्जे बाहेरच्या एखाद्या दराशी, बहुधा रेपो दराशी, बांधली गेली आहेत. २०२५ च्या आरंभी हा दर ६.५० टक्के होता, तो त्याच वर्षीच्या डिसेंबरात ५.२५ टक्क्यांवर आला. ज्यांच्या मुलांची शैक्षणिक कर्जे चालू आहेत त्यांनी आपल्या कर्जाचा दर त्या मानाने उतरला की नाही, हे बँकेत जाऊन विचारले काय? आम्ही ओळखीच्या सहा पालकांस हा प्रश्न केला. सहाही जण आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. आणि आमच्यासारख्या ठेवीच्या व्याजावर औषधपाणी करणाऱ्याचे हाल याच्या उलट. नातवाचे कर्ज जेव्हा स्वस्त होते तेव्हा आजोबांच्या ठेवीचेही व्याज उतरू लागते. एकाच घरात एकाच बातमीने एकास हसू व दुसऱ्यास काळजी, अशी ही मौज आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत विकसित भारत शिक्षा अधिष्ठान या नावाचे विधेयक मांडले गेले व ते संयुक्त समितीकडे सोपविण्यात आले. विद्यापीठ अनुदान आयोग व तांत्रिक शिक्षण परिषद यांच्या जागी एकच रचना आणावी, असा त्याचा हेतू आहे. मोठमोठे विद्वान त्याचा ऊहापोह करतील, करोत. आपल्याला त्याविषयी एकच प्रश्न विचारावयाचा आहे : फी कोण ठरविणार, आणि जास्त घेतली तर दाद कोणाकडे मागावयाची?

फी एवढी का वाढली, हे तरुण पालकांस ठाऊक नसते म्हणून थोडे मागे जातो. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने खाजगी संस्थांस विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास मुभा दिली. तोपर्यंत महाराष्ट्रातली मुले कर्नाटकात देणग्या भरून शिकावयास जात. ती येथेच शिकू लागली. जागा वाढल्या, ही गोष्ट खरी, आणि त्या वाढल्या नसत्या तर आपल्या ज्ञातीत आज जेवढे इंजिनियर आहेत त्यांच्या निम्मेही झाले नसते, अशी आमची समजूत आहे. परंतु 'विनाअनुदान' या शब्दाचा अर्थ असा की, जो खर्च पूर्वी सरकारच्या तिजोरीतून जात होता तो पालकाच्या पेटीतून जाऊ लागला. कायदे झाले. देणगी घेण्यास १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. २०१५ च्या कायद्याखाली शुल्क नियामक प्राधिकरण स्थापन झाले असून, खाजगी व्यावसायिक महाविद्यालयाची मंजूर फी किती, हे त्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. किती पालक पाहतात? कपडा घेताना आपण वारावर दोन रुपयांची घासाघीस करतो आणि कॉलेजच्या खिडकीवर सांगतील तो आकडा मान खाली घालून लिहितो! तीच गोष्ट मूळ प्रमाणपत्रांची. आपल्या एका विद्यार्थ्याने कॉलेज बदलावयाचे ठरविले तेव्हा त्याची गुणपत्रिका चार महिने अडकवून ठेवण्यात आली. अशी मूळ कागदपत्रे ठेवून घेता येत नाहीत, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच स्पष्ट केले होते, हे त्यास कोणी सांगितले नव्हते. आम्हांसही ते मागाहून कळले.

आता आमच्या घरची गोष्ट. आमचे वडील गिरणीत साच्यावर होते. आम्ही मॅट्रिकला पहिल्या वर्गात आलो तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्यांस बोलावून सांगितले की, मुलास विज्ञान शाखेत घाला, मंडळाकडून कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळेल. वडिलांनी हात जोडले. "ऋण काढून शिकायचं आणि नापास झाला तर फेडायचं कोणी?" कोकणातून सावकाराच्या वहीस कंटाळून मुंबईस आलेल्या माणसाचे ते उत्तर होते; त्यात शिक्षणाचा तिटकारा नव्हता, वहीची धास्ती होती. आम्ही त्यांस कधीही दोष दिला नाही. परंतु तीच धास्ती आमच्याही रक्तात उतरली असली पाहिजे. कारण आमच्या चिरंजीवांस जेव्हा अभियांत्रिकीस प्रवेश मिळाला तेव्हा आम्हीही बँकेची पायरी चढलो नाही. भविष्यनिर्वाह निधीतून एकामागून एक रकमा काढल्या आणि चार वर्षांत सव्वातीन लाख रुपये भरले. चारचौघांत मोठ्या अभिमानाने सांगत असू की, मुलाच्या डोक्यावर एका पैचे कर्ज ठेवले नाही. निवृत्त झालो त्या दिवशी निधीचा हिशेब हाती आला आणि घरी येईपर्यंत आम्ही तो पुन्हा उघडला नाही. पुढे पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया निघाली तेव्हा चिरंजीवांकडे मागावे लागले. मुलगा गुणी आहे, त्याने तत्काळ दिले. पण मागावे लागले. शिकणाऱ्या मुलास बँक कर्ज देते. म्हाताऱ्या मास्तरास दोन वेळच्या भाजीसाठी कोणती बँक कर्ज देईल? हे गणित ज्याने मुलांस आयुष्यभर व्याज शिकविले त्यास आपल्या घरी सुचले नाही, याची आम्हांस खंत आहे.

कर्ज काढून शिकणे यात कमीपणा असता तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते केले नसते. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, आणि ती शिष्यवृत्तीही फुकटची नव्हती. शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांस लिहून द्यावा लागला. पुढे १९२० मध्ये लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करावयास ते पुन्हा निघाले तेव्हा पैसा तीन ठिकाणांहून उभा राहिला : सिडनेहॅम कॉलेजातील पगारातून शिल्लक टाकलेली रक्कम, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य, आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये. स्वतःची बचत, समाजाचा हात आणि फेडावयाचे कर्ज. आजच्या पालकानेही फी उभी करताना या तिन्ही दिशांकडे पाहावे. आपण मात्र बहुधा पहिलीच पुरती रिकामी करतो, दुसरीस मागावयाला लाजतो आणि तिसरीस भितो.

म्हणून कर्जाची रीत सांगतो. बँकांच्या संघाने २००१ साली आखलेली नमुना योजना थोड्याफार फरकाने बहुतेक सरकारी बँका पाळतात. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. साडेसात लाखांच्या वर बँक सहसा तारण मागते. हप्ते सुरू होतात ते शिक्षण संपल्यानंतर एक वर्षाने, आणि फेडीस पंधरा वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. पालक सहकर्जदार म्हणून सही करतो. ही सही साक्षीदाराची नव्हे, ऋणकोची आहे, हे ध्यानात ठेवूनच करावी. प्राप्तिकरात या कर्जाच्या व्याजाची वजावट १९६१ च्या कायद्यातील ८०-ई कलमाने आठ वर्षांपर्यंत मिळे. मुद्दलाची नव्हे, आणि ज्याने जुनी करपद्धती निवडली असेल त्यासच. नवा आयकर कायदा २०२५ साली मंजूर झाला व त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली, तेव्हा जुन्या कलमांचे आकडे पाठ करण्यात आता अर्थ नाही. आपल्या हिशेबनिसास विचारावे.

आता फळ्यावरचे गणित. समजा, दर वर्षाच्या आरंभी एक लाख याप्रमाणे चार वर्षांत चार लाख रुपये कर्ज घेतले. दर समजण्यास सोपा म्हणून दहा टक्के धरू, आणि शिक्षणाच्या काळात सरळव्याज. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे व्याज पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर तीस, चौथ्यावर वीस. एकूण एक लाख चाळीस हजार. हे भरले नाही, तर मुलगा हप्ते सुरू करील त्या दिवशी त्याच्या नावावर चार लाख नव्हे, पाच लाख चाळीस हजार असतील. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,१३६ रुपये. आणि शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेलो तर? पहिल्या वर्षी महिन्यास ८३३ रुपये, दुसऱ्या वर्षी १,६६७, तिसऱ्या वर्षी २,५००, चौथ्या व पाचव्या वर्षी ३,३३३. मग हप्ता बसेल सुमारे ५,२८६ रुपयांचा. दहा वर्षांत फरक पडतो दोन लाख बावीस हजारांचा, आणि तो वाचविण्यासाठी आधी भरावे लागतात एक लाख चाळीस हजार. शिवाय असे व्याज वेळेवर भरणाऱ्यास काही बँका दरात थोडी सूटही देतात. आमच्या सातवीच्या वर्गात हे गणित पहिल्या बाकावरचा मुलगा सोडवीत असे. आपल्या घरात ते सुटत नाही, कारण ते मांडलेच जात नाही.

सरकार काय करते तेही सांगितले पाहिजे, नाहीतर एकांगी होईल. साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातील, तांत्रिक वा व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याचे सवलतीच्या काळातील व्याज केंद्राने भरण्याची योजना २००९ पासून आली. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम विद्यालक्ष्मी योजनेस संमती दिली : निवडक ८६० संस्थांत प्रवेश मिळविणाऱ्यास तारणावाचून व जामिनावाचून कर्ज, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास सरकारची पंचाहत्तर टक्के हमी, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांपैकी वर्षास एक लाख विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात तीन टक्के व्याजसवलत. योजना चांगली आहे. तथापि यादीतील संस्थेत प्रवेश मिळाला तरच तिचा उपयोग. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी आपले कॉलेज त्या यादीत आहे की नाही, हे पाहणे हे पालकाचे पहिले काम होय. आणि या सर्वांस उत्पन्नाचा दाखला लागतो, अधिवासाचा लागतो, ज्यांस लागू असेल त्यांस जातवैधतेचाही लागतो. हे दाखले निकालाच्या आठवड्यात मागावयास गेले की रांग लागते. ज्यांची मुले यंदा बारावीस आहेत त्यांनी कोणत्या वर्षाचा दाखला चालेल याची चौकशी आजच करावी.

ज्यांच्या घरी लहान मुली आहेत त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगतो, कारण वेळ फार झाला. २०१५ पासून पोस्टात सुकन्या समृद्धी खाते उघडता येते. मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वी उघडावे लागते, वर्षास अडीचशे रुपयेही चालतात, आणि ती अठरा वर्षांची झाल्यावर अथवा दहावी झाल्यावर शिल्लकेच्या निम्म्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते. आपल्याकडे बारशाला सोन्याची अंगठी घालतात. घालावी. पण एखाद्या आत्याने अंगठीऐवजी त्या खात्याचे पुस्तक ओटीत घातले तर आम्ही तिचा या व्यासपीठावर सत्कार करू.

सत्कारावरून आठवले आणि येथे आमचे बोलणे कदाचित काहींस रुचणार नाही. १९०१ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापिले, पुढे निरनिराळ्या ज्ञातींची वसतिगृहे त्याच गावी निघाली. आपल्या मंडळाच्या वडीलधाऱ्यांनीही तोच कित्ता गिरवून विद्यार्थी साहाय्यक निधी काढला होता. त्यातून बिनव्याजी कर्ज मिळे, दोन ज्ञातिबंधू जामीन राहत. काहींनी बुडविले, हे खरे. पण आम्ही कार्यकारिणीवर असताना एक गृहस्थ बावीस वर्षांनी आले, पाकिटात पूर्ण रक्कम, आणि वर तेवढीच देणगी. "पहिल्या पगारापासून द्यायचं म्हणत होतो, लाज वाटत गेली," असे ते म्हणाले. तो निधी आता कशात खर्च होतो? शाली, श्रीफळे, स्मृतिचिन्हे. ऐंशी टक्के मिळविणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी आपले लाकडी स्मृतिचिन्ह कपाटावर धूळ खात आहे, आणि कपाटाखाली फीचे चलन.

आमची सूचना अशी आहे. मंडळाने दर वर्षी तीन विद्यार्थी निवडावे, ज्यांस सरकारच्या व्याजसवलतीचा लाभ मिळत नाही असे, आणि मुलींस प्राधान्य द्यावे. त्यांचे बँकेचे कर्ज बँकेनेच द्यावे. त्याचे शिक्षणकाळातील व्याज मंडळाने भरावे आणि नोकरी लागल्यावर तेवढे, व्याजावाचून, निधीस परत घ्यावे. वर्षास लाखाच्या हिशेबाने पहिल्या वर्षी तीस हजार लागतील, दुसऱ्या वर्षी नवीन तिघांसह नव्वद हजार, तिसऱ्या वर्षी एक लाख ऐंशी हजार, चौथ्या वर्षी तीन लाख, आणि पाचव्या वर्षापासून चार लाख वीस हजार. खजिनदारांनी भुवया चढविल्या आहेत, त्या आम्हांस येथून दिसतात. म्हणूनच आम्ही दहा म्हणत नाही, तीन म्हणतो. सहाव्या वर्षापासून पहिल्या तिघांची फेड येऊ लागेल. सर्वांची येईल असे आम्ही म्हणत नाही, निम्मी आली तरी चालेल अशा बेताने निधी उभा करावा. या स्मरणिकेच्या जाहिरातींतून छपाईखर्च वजा जाता जे उरते ते आणि सत्काराचा खर्च, एवढ्यात पहिली दोन वर्षे निघतात. आम्ही जुन्या अहवालांवरून हिशेब केला आहे आणि तो चिटणिसांच्या हाती दिला आहे.

दुसरे काम बिनखर्चाचे आहे. कार्यालयाच्या फलकावर एक पंचांग लावावे : अंदाजपत्रके, प्रवेशपरीक्षांचे अर्ज, केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीच्या मुदती, व्याजदरांच्या तारखा. तारीख जाहीर झाली की त्याच संध्याकाळी लिहावी. हे काम आम्ही स्वतः करू. दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही कार्यालयात बसू. दाखले पाहू, अर्ज वाचून देऊ, आणि पैसे भरण्यापूर्वी ज्यास विचारावयाचे असेल त्याने यावे. त्या नवघरच्या मुलीने आपण होऊन आमच्याबरोबर बसण्याचे कबूल केले आहे. ती आता वरच्या वर्गात आहे आणि संगणकावरचे अर्ज आमच्यापेक्षा पुष्कळ चांगले भरते. बांगड्या अद्याप सुटावयाच्या आहेत.

अध्यक्षमहाराजांनी घंटा दोनदा वाजविली, ती आम्ही ऐकली.  ठरावाची प्रत दाराजवळच्या मेजावर ठेवली आहे. ज्यांस मान्य असेल त्यांनी सही करावी, ज्यांस नसेल त्यांनी मागील बाजूस कारण लिहावे.